संध्याकाळी सातला कुठे बसायचं?

नाटककार गडकरी १९१९च्या जानेवारीत गेले आणि त्याच वर्षी ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं. शंभराहून अधिक वर्षं आपण हे नाटक पहिल्या पेल्याची गोष्ट म्हणून पाहत आलो. हुशार, मानी वकील सुधाकर. झालेला अपमान, गेलेली सनद आणि ऐन त्या घटकेला पुढे आलेला तळीरामाचा पेला. पुढची राखरांगोळी आपल्याला पाठ आहे. त्यातलं आर्य मदिरा मंडळ मात्र आपण विनोदापुरतं म्हणून सोडून देतो. मंडळी झिंगून भाषणं ठोकतात, प्रेक्षक पोट धरून हसतात, पुढचा प्रवेश सुरू होतो. माझ्या मते गडकऱ्यांचं सगळ्यात नेमकं निरीक्षण त्या मंडळात आहे. सुधाकराला पहिला पेला एकदाच मिळाला, मंडळ रोज मिळालं. बसायला ठरलेली जागा, ओळखीचे चेहरे, कोणी जाब विचारणार नाही याची खात्री. दुसऱ्या बाजूला कोण होतं? एकटी बायको, सिंधू, आणि जीव तोडून समजावणारा एकटा मित्र, रामलाल. दोघंही त्याच्यावर जीव टाकणारे आणि दोघंही त्या वाटेनं कधी न गेलेले. त्या काळात मद्यपाननिषेधाच्या सभा होत, १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निदर्शनंही झाली होती; पण ती सगळी न पिणाऱ्यांची चळवळ. पिऊन पोळलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांचं मंडळ नाटकात नाही, कारण ते समाजातच नव्हतं.

आज ते आहे. मुंबई-पुण्यातच नव्हे, जिल्ह्याच्या आणि पुष्कळ तालुक्यांच्या गावीही आठवड्यातून काही संध्याकाळी कुठल्या तरी शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये, दवाखान्याच्या मागच्या खोलीत दहा-वीस माणसं जमतात. पण घरात एखाद्याची दारू हाताबाहेर गेली की आपल्या डोक्यात पहिला विचार येतो तो व्यसनमुक्ती ‘केंद्रात टाकण्याचा’. नातेवाईक विचारतात, कुठलं केंद्र चांगलं, किती दिवस ठेवतात, किती घेतात. गावात मीटिंग कुठे भरते, हे सहसा कोणी विचारत नाही. या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे की हा क्रम उलटा आहे. दारू माणसाला घराजवळच्या सोबतीनं धरून ठेवते, म्हणून ती सोडवायची सोबतही घराजवळच शोधावी लागते. केंद्र लागलंच, तर ते त्या शोधातला एक टप्पा असतं. आधी हा शोध, मग बाकीचं.

केंद्रांना कमी लेखण्याचा यात हेतू नाही. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी मदत देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ उभं राहिलं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी तिथे रुग्णाला गुन्हेगारासारखं नव्हे, पाहुण्यासारखं वागवण्याची रीत घालून दिली. त्याआधी १९८१ साली मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं होतं. या संस्थांनी हजारो घरं सावरली. विशेष म्हणजे उपचार संपल्यावर पाठपुरावा झाला नाही तर सगळं फुकट, हे त्याच सगळ्यात पोटतिडकीनं सांगतात. मुक्तांगणनं म्हणून तर गावोगावच्या पाठपुराव्यावर भर दिला. ऐकणारे कमी पडले. पस्तीस दिवसांची भरती हा आपल्याला लग्नासारखा एकदाचा उरकायचा कार्यक्रम वाटतो.

आकडे पाहिले तर भरतीवर भिस्त ठेवणं शक्यच नाही असं दिसतं. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’नं केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात. त्यातल्या जवळपास २ कोटी ९० लाखांचं पिणं अवलंबित्वापर्यंत, म्हणजे साध्या भाषेत व्यसनापर्यंत पोचलेलं. आणि या व्यसनी माणसांपैकी कुठल्याही प्रकारची मदत किंवा उपचार मिळालेला माणूस ३८ जणांत एक. रुग्णालयात किंवा केंद्रात राहून उपचार घेतलेला १८० जणांत एक. उद्या सरकारनं खाटा दुप्पट केल्या, तरी १८० चे ९० होतील. शाळेचा रिकामा वर्ग, चहाचा थर्मास आणि आठ-दहा माणसं ही व्यवस्था मात्र गावोगाव उभी राहू शकते. तिला परवाना लागत नाही, इमारत लागत नाही. लागतात ती आधी सोडलेली माणसं.

पण स्वस्त आहे म्हणून चांगलं, असं म्हणून भागणार नाही. गट नेमकं काय करतो? पस्तीस दिवसांनी माणूस घरी येतो तेव्हा शरीरातली दारू केव्हाच उतरलेली असते. बदललेलं नसतं ते संध्याकाळी सातचं वेळापत्रक. कंपनीची शिफ्ट सुटते, नाक्यावरचं देशी दारूचं दुकान तिथेच असतं, पलीकडच्या परमिट रूमचा वेटर नावानं ओळखतो, आणि ‘बसायचं का?’ हा प्रश्न विचारणारे वाईट नसतात. बहुतेक वेळा तेच त्याचे खरे मित्र असतात. मुलीच्या ॲडमिशनला पैसे त्यांनीच दिलेले असतात, बापाच्या तिरडीला खांदाही त्यांचाच. त्यांना सोडणं म्हणजे माणसं सोडणं. अमेरिकेत १९९०च्या दशकात ‘प्रोजेक्ट मॅच’ नावाचा मोठा अभ्यास झाला, सतराशेहून अधिक रुग्णांवर. तीन वेगवेगळ्या पद्धतींचे निकाल ढोबळमानानं सारखेच आले. तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा मात्र एक फरक उठून दिसला. ज्यांच्या भोवतीची सोबत पिण्याला साथ देणारी होती, त्यांना त्या तिन्हींतली स्वमदत गटांकडे नेणारी पद्धत बाकीच्यांपेक्षा जास्त उपयोगी पडली होती, आणि त्याचं बरंचसं कारण त्यांनी खरोखर मीटिंगला जाणं हे होतं. लिट आणि सहकाऱ्यांच्या २००९च्या अभ्यासात तर सोबतीत एका न पिणाऱ्या माणसाची भर पडली, तरी पुढचं वर्ष दारूशिवाय जाण्याची शक्यता २७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. उपदेशक लागत नाही, सोबती लागतो.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, आपल्या बोलण्यातलं ‘एए’, जन्मलं तेच अशा सोबत्याच्या शोधातून. १९३५च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्याच्या कामाला ओहायोतल्या ॲक्रन गावी आला. काम फिसकटलं. काही महिन्यांपूर्वी सोडलेली दारू हॉटेलच्या बारमधून हाक मारू लागली. तेव्हा त्यानं डॉक्टर शोधला नाही. फोनवरून चर्चवाल्यांना गाठून त्यानं त्या परक्या गावात दुसरा एखादा बेवडा कुठे भेटेल याची चौकशी केली. भेटले ते डॉ. बॉब स्मिथ, शल्यचिकित्सक आणि अट्टल पिणारे. १० जूनला डॉ. बॉब यांनी शेवटचा पेला घेतला, तो दिवस एएचा वाढदिवस मानतात. १९५७ पासून हे गट भारतात आहेत. सभासद होण्याची अट एकच, पिणं थांबवण्याची इच्छा. फी नाही, हजेरीपट नाही, आडनाव विचारत नाहीत. बाहेरच्यांकडून देणगी घ्यायची नाही, खर्च आपला आपण भागवायचा, असा दंडक आहे.

प्रत्यक्ष मीटिंग पाहिली तर पहिल्यांदा जाणाऱ्याची निराशाच व्हावी. चौथीच्या मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले पन्नाशीचे गृहस्थ, भिंतीवर पाढ्यांचा तक्ता, खिळ्याला अडकवलेला एएच्या बारा पायऱ्यांचा, म्हणजे दारू सोडण्याच्या वाटेवरच्या तत्त्वांचा, कापडी फलक. रिक्षावाला, बँकेतला अधिकारी, निवृत्त फौजदार, नुकताच केंद्रातून सुटलेला आणि अजून हात कापणारा पोरगा. एकेक जण नाव सांगतो, आपण अल्कोहोलिक असल्याचं सांगतो, पाच-सात मिनिटं बोलतो. बोलण्याला ‘शेअरिंग’ म्हणतात. मध्येच कोणी सल्ला देत नाही, वाद घालत नाही, हा नियम आपल्या कुठल्याही सभेला उसना घ्यावा असा आहे. एखाद्याची ‘स्लिप’ झालेली असते, म्हणजे मधल्या काळात पिणं झालेलं असतं, ते तो सांगतो आणि दिवस पुन्हा एकपासून मोजायला लागतो. एखाद्याचा ‘बर्थडे’ असतो, न पिता वर्ष झाल्याचा; टाळ्या पडतात, पेढे वाटतात. तासा-दीड तासात संपतं. पण सात ते साडेआठ ही वेळ गेलेली असते, आणि घरी परतताना सोबत कोणी तरी असतं. नव्याला मार्ग दाखवणारा जुना सभासद, ‘स्पॉन्सर’, आपला नंबर देतो आणि पेल्याला हात लावण्याआधी फोन कर म्हणतो. त्याच्याकडे पदवी नसते. रात्री अकराला तलफ आल्यावर खोटं कसं बोलावंसं वाटतं, हे त्याला ठाऊक असतं.

याचा उपयोग होतो याला पुरावा काय, असा आक्षेप फार काळ घेतला जात होता, आणि तो रास्त होता. २००६ साली कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यानं ठाम पुरावा नाही असंच म्हटलं होतं. २०२० साली त्याच संस्थेनं नवा आढावा काढला. २७ अभ्यास, दहा हजारांवर रुग्ण. आता निष्कर्ष वेगळा आला: एए आणि तिथे पद्धतशीरपणे नेणाऱ्या उपचारानंतर वर्षभरानं पूर्ण कोरडे राहिलेले ४२ टक्के, इतर मान्यताप्राप्त उपचारांनंतर ३५ टक्के. हा चमत्कार नाही. शंभरातल्या ५८ जणांनी वर्षात कधी तरी घेतलीच. तरीही फुकट मिळणारी गोष्ट तज्ज्ञांच्या उपचाराच्या बरोबरीला किंवा थोडी पुढेच उभी राहते, हे लहान नाही. ज्यांना सोडायचीच असते तेच मीटिंगला जातात, मग श्रेय गटाचं कसं, असं कोणी विचारील. हम्फ्रीज आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली नेमकी हीच शंका संख्याशास्त्रानं तपासली; जाणाऱ्याच्या मूळ इच्छेचा वाटा वेगळा काढूनही मीटिंगचा परिणाम बहुतेक रुग्णांत उरला. मात्र यातले जवळजवळ सगळे अभ्यास पाश्चात्त्य देशांतले, बहुतेक अमेरिकेतले आहेत, ही उणीव मान्य केलीच पाहिजे. आपल्या जवळचा पुरावा गोव्यातला आहे. ‘संगत’ या संस्थेनं तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, बिगरतज्ज्ञ माणसांना शिकवून समुपदेशनाला बसवलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वर्षभरानंतर घातक पिण्यातून बाहेर आलेले पुरुष ५४ टक्के होते, नेहमीच्या पद्धतीत ३२. हा गटाचा अभ्यास नाही आणि पूर्ण व्यसनी झालेल्यांचाही नाही. पण जवळचं, आपल्या भाषेत बोलणारं साधं माणूस इथेही कामी येतं, एवढं तो नक्की सांगतो.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे: हे परदेशी खूळ कशाला, आमच्याकडे माळ आहे. खरंच आहे. तुळशीची माळ गळ्यात पडली आणि बाटली सुटली अशी माणसं महाराष्ट्रात गावोगाव सापडतील, आणि त्याकडे नाक मुरडण्याचं कारण नाही. माळेमागे काय असतं ते पाहावं. एकादशी, हरिपाठ, सप्ताह, वारी, भजनी मंडळातली रात्रीची बैठक. सातची वेळ तिथेही भरून निघते. शिवाय माळकऱ्याला कोणी ‘एक घे रे’ म्हणत नाही. ज्याला हे मानवतं त्यानं खुशाल माळ घालावी. अडचण येते ती पाय घसरल्यावर. माळ घातलेल्यानं प्यायली की ते पाप ठरतं, गावभर बभ्रा होतो, माणूस माळ खुंटीला टांगतो आणि लाजेनं भजनाकडे फिरकत नाही, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा सोबत सुटते. गटात घसरलेल्याची खुर्ची जात नाही. उलट एएच्या पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो म्हणून बुद्धिवादी मंडळी बिचकतात. ‘आपापल्या समजुतीप्रमाणे’ अशी सोय तिथे ठेवलेली आहे, आणि पुष्कळ नास्तिक सभासद गटालाच ती मोठी शक्ती मानून चालतात. ज्याला तेही रुचत नाही त्याच्यासाठी व्यसनमुक्ती केंद्रांचे पाठपुरावा गट आहेत. तिथे पायऱ्यांची सक्ती नसते. श्रावण पाळणाऱ्यांचं समाधान मात्र फसवं आहे. गटारीला ढोसून महिनाभर थांबणाऱ्याला थांबता येतं हे सिद्ध होतं, आणि ते कधीच वादात नव्हतं. प्रश्न असतो तो श्रावण संपल्यावरचा.

गावात नाव फुटेल ही भीती खोटी नाही. तालुक्याच्या गावी बसून अनामिक राहणं अवघडच. पुरुषाच्या बाबतीत मात्र मला या भीतीचं थोडं हसू येतं. गटाराच्या कडेला पडलेला माणूस पहाटे दूधवाल्यानं उचलून घरी आणलेला असतो, ते सगळ्या आळीला माहीत. सोडायला जातोय हेच तेवढं लपवायचं. बाईच्या बाबतीत ती भीती गंभीर आहे. आधी सांगितलेल्या ‘एम्स’च्या सर्वेक्षणानुसार पुरुषांत पिणारे २७ टक्के आणि स्त्रियांत दीड टक्क्याच्या आसपास, त्यामुळे खोलीत शिरणारी बाई बहुधा एकटीच असते आणि तिच्याकडे बघणाऱ्या नजरा सगळ्याच सोबत्याच्या नसतात. तिनं स्त्रियांची मीटिंग किंवा ऑनलाइन मीटिंग आधी पाहावी, मार्गदर्शक बाईच घ्यावी. मुक्तांगणनं स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग काढला तो याच गरजेतून. पिणाऱ्याच्या बायकोसाठी निराळे गट आहेत, मुक्तांगणचा ‘सहचरी’ आणि १९५१ साली बिल विल्सनच्या पत्नीनं, लोइसनं, पुढाकार घेऊन उभारलेला अल-अनॉन. नवरा तयार नसला तरी ती जाऊ शकते, आणि पुष्कळदा घरातून पहिली मीटिंग गाठते ती तीच.

काही गोष्टी गटाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एका झटक्यात बंद केली, तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, शुद्ध हरपते, जीवही जातो. त्याला आधी डॉक्टर लागतो. नाल्ट्रेक्सोन, अकाम्प्रोसेट ही औषधं काहींना खरोखर मदत करतात, आणि डॉक्टरनं दिलेलं औषध बंद कर म्हणणारा गट सोडून दुसरीकडे जावं. औषधाच्या बाबतीत कोणी सभासदानं डॉक्टर होऊ नये, असं एएचं स्वतःचंच साहित्य सांगतं. पैसे मागणारा, एकाच ‘सरां’भोवती आरती ओवाळणारा, आतलं बोलणं बाहेर नेणारा गटही तसाच. आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर, रिक्षाच्या पाठीवर ‘न सांगता दारू सोडवा’ म्हणणाऱ्या जाहिराती तर उघड धोक्याच्या. डायसल्फिरॅमसारखी गोळी जेवणातून गुपचूप दिली आणि वर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून तो दगावू शकतो. बांधून, मारून ‘सुधारणाऱ्या’ केंद्रांबद्दलही हेच. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूशी निगडित मनोविकार येतात आणि त्या कायद्यानं साखळीनं बांधायला बंदी आहे.

मग गट सापडतो कसा? पत्ता मिळणं आता अवघड नाही. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेलिमानसची हेल्पलाइन आहे, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारता येतं, एएच्या फोनवर सभासदच बोलतात. वार, वेळ, भाषा आणि मीटिंग खुली आहे की फक्त पिणाऱ्यांसाठी, एवढं विचारून घ्यावं. परतीची शेवटची एसटी किती वाजता, हेही. कारण साडेआठला संपणारी मीटिंग आणि आठची शेवटची गाडी यांत पुष्कळांचं जाणं कायमचं राहतं. पहिला गट नाही पटला तर दुसरा पाहावा, तीन-चार वेळा गेल्याशिवाय मत बनवू नये. पण पत्त्याच्या चिठोऱ्यानं माणूस जात नाही. १९८१ साली सिसन आणि मॅलम्स यांनी २० रुग्णांवर एक छोटासा प्रयोग केला. निम्म्यांना मीटिंगची माहिती दिली आणि जा म्हणून सांगितलं. उरलेल्यांना समोर बसवून एका सभासदाला फोन लावून दिला, आणि त्या सभासदानं त्यांना मीटिंगला सोबत न्यायचं ठरवलं. दुसऱ्या गटातले सगळे गेले, पहिल्यातला एकही गेला नाही. प्रयोग अगदीच लहान, पण नंतरच्या मोठ्या अभ्यासांची दिशाही तीच आहे. आपल्याकडे केंद्रातून सुटताना हातात गोळ्यांची चिठ्ठी, बिल आणि पुढच्या तपासणीची तारीख पडते. सुटायच्या आधीच्या आठवड्यात समुपदेशकानं त्याच्या गावच्या सभासदाला त्याच्यासमोर फोन लावायचा आणि सुटण्याच्या दिवशीच संध्याकाळची मीटिंग ठरवायची, एवढा बदल करायला दहा मिनिटं पुरतात. दारूवरच्या उत्पादन शुल्कातून वर्षाला २० हजार कोटींहून अधिक मिळवणाऱ्या राज्याकडून गटांना पैसा नकोच आहे, तो त्यांच्या नियमात बसत नाही. झेडपीच्या आणि नगरपालिकेच्या शाळेतला एक वर्ग, आठवड्यातून दोन संध्याकाळी, रीतसर भाड्यानं मिळावा आणि मुख्याध्यापक बदलला म्हणून तो काढून घेतला जाऊ नये, असा साधा आदेश मात्र निघू शकतो.